रुक्मीचा ढावलो

परवा कडगंचीच्या विद्यापीठातली एक मुलगी माझ्या दारात आली होती. आळंदपर्यंत बसनं, पुढं ऑटोनं, भर उन्हात पत्ता विचारत विचारत आलेली. चुणचुणीत होती. चपला बाहेर काढून, पाया पडून बसली. लमाणी बायकांच्या गाण्यांवर पीएचडी करते म्हणाली, मोबाइल पुढं ठेवला आणि म्हणाली, मावशी, ढावलो म्हणून दाखवता का थोडा, तुमच्या आई फार चांगल्या म्हणायच्या असं तांड्यात ऐकलं. मी तिला चहा दिला, भाकरी आणि शेंगाचटणी दिली, आणि मला गाणं येत नाही म्हणून सांगितलं. ती हिरमुसली. जाताना पायरीवर उभी राहून फोनवर कुणाला तरी सांगत होती, बाई जरा तुसड्याच आहेत. खरं आहे. शाळेत नोकरी करत होते तेव्हाही माझ्याबद्दल हेच बोललं जायचं, आणि निवृत्त झाल्यावर गोड व्हायचं काही कारण मला दिसत नाही. पण पोर उन्हातून आली आणि रिकामी गेली हे मनाला लागून राहिलं, म्हणून हे लिहायला बसले.

आमचा तांडा निंबर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, माळावर. वर मुरूम, खाली मुरूम. तूर आणि ज्वारी यायची, तीही रुसत रुसत. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची लमाणी बोली, बोलायचो, गावातल्या शाळेत मराठी, बसच्या कंडक्टरशी कानडी आणि शेळ्यांच्या बाजारात हैदराबादी उर्दू, आणि यातलं काहीही कुणी बसून शिकवलं नव्हतं. आईला आम्ही याडी म्हणतो, बापाला बा. घरातलं बोलणंही मी इथं मराठीतच लिहितेय, नाहीतर वाचणाऱ्याला ओळीओळीला ठेच लागेल. सकाळ व्हायची ती याडीच्या बांगड्यांनी. मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, त्यामुळं ती भाकरी थापायला बसली की सगळ्या तांड्याला कळायचं. भाकरीला आमच्यात बाटी म्हणतात. बाटी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. सणाला बकरं कापलं तर रक्त घालून केलेली सळोई, आणि ती खायला बा असा ऐसपैस बसायचा की त्याच्यापुढून ताट उचलायची कुणाची छाती नव्हती. बा तांड्याचा कारभारी होता, म्हणजे तांड्याचा मुख्य जो नायक, त्याच्या खालोखालचा. भांडणं मिटवताना तो पोटभर बोलून घ्यायचा आणि घरी आला की तोंडाला कुलूप. माझी थोरली बहीण रुक्मी त्याची लाडकी. तिला सायकलवर मागं बसवून बाजाराला न्यायचा आणि मला म्हणायचा, तू शाळंत जायलीस न्हवं, मग तुला बाजार कामून पायजे. मला फार राग यायचा. आज वाटतं, दोघींना त्यानं दोन गोष्टी वाटून दिल्या होत्या, आणि माझा वाटा कमी नव्हता.

याडीचं नाव होतं ते ढावल्यासाठी. ढावलो म्हणजे नवरीचं रडणं, पण चालीवरचं. आमच्यात रडणं शिकावं लागतं. लग्न ठरलं की जाणत्या बाया नवरीला मधे घेऊन बसतात आणि कुणाच्या गळ्यात पडल्यावर काय म्हणून रडायचं ते तिच्याकडून घोकून घेतात. बापाचे शब्द वेगळे, भावाचे वेगळे, शेजारणीचे वेगळे. बापाला म्हणायचं, चार बैलांवर मला विकलंस, बैल तुझ्या सावलीत बांधलेस आणि मला परक्या उन्हात हाकललंस. आमच्या गोठ्यात चार बैल मी जन्मात पाहिले नव्हते. ते शब्द लदेणीच्या काळातले, तांडे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे तेव्हाचे. तेव्हा नवरदेवाकडून बैल यायचे म्हणतात. बैल गेले, शब्द राहिले. भेटायला आलेल्या पाहुणीच्या गळ्यात पडून म्हणायचं, बाई, माझं इथं कुणी उरलं नाही, ही माणसं मला विकायलीत, मला तुझ्या पदराखाली घेऊन चल. आणि रीत अशी की पहिला ढावलो निघाल्यापासून सासरची वाट धरेपर्यंत नवरीनं त्या रडण्यातून बाहेर यायचं नाही. मधेच ती साधं बोलली, हसली, किंवा अहो हे गाणं आहे असा खुलासा करत बसली, तर तिचं माहेर तुटतं. बापानंही खाली मान घालून ऐकायचं, उलट शब्द काढायचा नाही. याडी म्हणायची, बाईला जन्मात एकदाच बापाला तोंडावर बोलायला मिळतंय, तवा गळा साफ पायजे. माझ्या लग्नाची तिला घाई नव्हती. पण शाळेनं माझा गळा बिघडवलाय, माझा ढावलो कच्चा राहणार, याची तिला खरोखर काळजी होती.

तूर काढून झाली होती तेव्हा मॅडम आल्या. एका मोठ्या शहरातल्या संस्थेच्या. नाव लिहीत नाही. त्या आता हयात आहेत की नाहीत ठाऊक नाही, आणि असल्या तरी त्यांना माझं नाव आठवत असेल असं वाटत नाही. आदिवासी आणि भटक्या जमातींच्या बायका, त्यांचं आरोग्य, शिक्षण, त्यांची पंचायत, असा त्यांचा अभ्यास होता. मी आळंदला अकरावीत, मराठी चांगलं, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडं आलं. त्या आमच्याच घरी राहिल्या. हे सांगायला हवं की बाई चांगली होती. खाली घोंगडीवर झोपायची, सळोई खायची, तोंड वाकडं न करता. याडीनं तिला आरशांचा घागरा घालून बघितला आणि तांड्यातल्या सगळ्या बाया हसून हसून लोळल्या, त्यात मॅडमही लोळल्या. पण प्रश्न विचारायला बसल्या की वेगळ्याच व्हायच्या. एकदा त्यांनी याडीला विचारलं, तुम्हाला ताण आला की तुम्ही काय करता. याडीला ताण म्हणजे दोरीचाच ठाऊक. ती म्हणाली, सैल सोडायचा बाई, न्हाई तर दोरी तुटती. मॅडमनी डोळे बारीक करून ते सगळं लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या, किती खोल बोलतात गं तुझी आई. मी हसू दाबलं. याडी खोल बोलत नव्हती, शेळीच्या दोरीबद्दल बोलत होती.

त्याच दिवसांत रुक्मीचं लग्न निघालं. रुक्मी एकोणीस वर्षांची, मुलगा सोलापूरच्या बाजूला ट्रकवर, दोघांनी एकमेकांना यात्रेत पाहिलेलं आणि रुक्मीनंच मला कानात सांगितलेलं की व्हय म्हण म्हणावं बाला. मॅडमनी विचारलं, मी राहू का लग्नाला. याडी म्हणाली, राहू का म्हंजे, घरची लेक कुठं जायलीस. घर सारवलं, अंगणात चुली मांडल्या, लापशीचा गूळ आणि तूप यांचा वास माळभर. बाया जमल्या, रुक्मीच्या डोक्यावर लाल ओढणी टाकली आणि याडीनं पहिली चाल धरली. मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. लहानपणी हे सगळं आम्हा पोरींना खेळात पाठ असतं, पण सख्ख्या बहिणीच्या तोंडून ऐकणं वेगळं. रुक्मी बाच्या गळ्यात पडून रडली तेव्हा बाच्या मिशा थरथरत होत्या. मग एकेक करून सगळ्यांची पाळी झाली आणि मॅडम पाहुणी म्हणून रुक्मी त्यांच्याही गळ्यात पडली. मॅडमच्या हातात टेपरेकॉर्डर तसाच चालू. मॅडमना थोडीफार गोरमाटी कळायला लागली होती. विकणं कळत होतं, घेऊन चल कळत होतं. त्यांनी रुक्मीला घट्ट धरलं. त्या रडल्या, अगदी खऱ्या रडल्या, आणि तिच्या कानात मराठीतून विचारलं, हे खरं आहे का, रुक्मी, मला सांग. रुक्मी नवरी. ती बोलणार कशी. तिनं पुढची ओळ म्हटली, बाई, माझी विहीर खोल, माझा दोर आखूड.

मॅडमनी मला गोठ्यामागं नेलं. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगितलं की हे गाणं आहे, प्रत्येक नवरी हेच म्हणते, जिचा बाप तिला डोक्यावर घेऊन नाचतो तीसुद्धा म्हणते. माझ्या आईनं म्हटलं, तिच्या आईनं म्हटलं. सांगितलं की मुलगा रुक्मीच्या पसंतीचा आहे. मॅडम ऐकत होत्या, मान हलवत होत्या. माझ्या केसांवरून त्यांनी हात फिरवला.

"गाण्यातच माणूस खरं बोलतं, शांता," त्या म्हणाल्या. "तुला यात काही वावगं वाटत नाही, हेच मला सगळ्यात वाईट वाटतंय."

मी हो म्हटलं तर विकणं खरं, नाही म्हटलं तर मला विकण्याची सवय झालेली. असा फास शिकलेल्या माणसालाच टाकता येतो. शाळेत नंतर तीस-बत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले की प्रश्न विचारा, प्रश्न विचारा. पण विचारल्यावर उत्तर ऐकायचं असतं हे मी त्याच्या जोडीला न चुकता सांगितलं. त्या दिवशी मॅडम डोकं दुखतंय म्हणून लवकर आडव्या झाल्या आणि सकाळच्या बसनं गेल्या. याडीनं त्यांच्यासाठी लापशी झाकून ठेवली होती.

लग्न लागलं. अंगणात रोवलेल्या मुसळांभोवती फेरे झाले. निघताना आमच्यात नवरीला सजवलेल्या बैलावर चढवतात आणि ती उभी राहून, हात वर करून तांड्याचा निरोप घेते. बैल शेजारच्या तांड्यातून मागून आणलेला. रुक्मीला त्याच्यावर चढवत होते तेवढ्यात माळावरून जीप येताना दिसली. मॅडम पुढं बसलेल्या. फौजदार, दोन पोलीस, आणि त्यांच्यातला एक आमच्याच जातीचा, दुसऱ्या तालुक्यातल्या तांड्यावरचा. फौजदार कानडीत विचारत होता, कोणाची पोरगी, किती बैल घेतले. बानं हात जोडले आणि एकही बैल न्हाई साहेब म्हणाला. तेव्हा मॅडमनी टेप लावली. भर अंगणात, दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर, माझ्या बहिणीचं रडणं त्या डब्यातून बाहेर आलं. फौजदारानं त्या आमच्या पोलिसाला विचारलं, काय म्हणते ही. तो एकेक शब्द कानडीत करून सांगत गेला. बा, चार बैलांवर मला विकलंस. बाई, मला घेऊन चल. एकही शब्द त्यानं चुकीचा सांगितला नाही. त्याच्या बहिणीनंही हेच म्हटलं असणार, त्यानं मान खाली घालून ऐकलं असणार. पण साहेबानं शब्द विचारले होते, त्यानं शब्द दिले. मी पुढं होऊन ओरडून सांगायला लागले, तेव्हा फौजदारानं मला बाजूला सारलं आणि बैलावर बसलेल्या रुक्मीला विचारलं, बोल, घाबरू नको, हा आवाज तुझाच ना.

रुक्मीनं बाच्याकडं बघितलं. मग याडीकडं. बोलली तर माहेर तुटतं आणि नाही बोलली तर बाप जातो. ती बोलली. बैलावरून खाली उतरली, ओढणी मागं टाकली आणि साध्या आवाजात म्हणाली, "माझा हाय आवाज. पर ते रडणं हाय साहेब, तक्रार न्हाई. मला कुणी इकलं न्हाई. ह्यो नवरा मीच सांगून केलाय."

फौजदारानं मॅडमकडं पाहिलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, माणसं समोर असताना ती दुसरं काय बोलणार. बस्स. बाला आणि रुक्मीच्या सासऱ्याला जीपमध्ये घातलं. जीप निघाली तेव्हा याडी तिच्यामागं धावली नाही, ओरडली नाही. ती मॅडमपाशी गेली आणि मला म्हणाली, इचार तिला, घरची लेक म्हटलं तवा ह्ये लिहून घेतलंस का न्हाई. मी ते मराठीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघांना सोडलं. काहीच निघालं नाही, निघण्यासारखं काही नव्हतंच. बाला मारलं नव्हतं, एवढंच तो बोलला. पण व्याही घरात यायला तयार नव्हता. बाई विकत घेणारा म्हणून आपल्याला ठाण्यात बसवून ठेवलं, हे त्याच्या डोक्यातून जाईना. तो रस्त्यावरच थांबला आणि निरोप पाठवला, पोरगी द्यायची तर आत्ता द्या आणि रडायचं न्हाई, एक शब्द न्हाई. रुक्मी चालत गेली, बैल नाही, हात वर करणं नाही, भाजी आणायला निघाल्यासारखी. पुढं बरीच वर्षं त्यांनी तिला माहेरी पाठवलं नाही. तांड्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, ती रडण्यातून बाहेर आली, साधं बोलली, म्हणून माहेर तुटलं. मी हे मानत नाही. पण तुटलं हे खरं.

मग नायकानं पंचायत बसवली. बा कारभारी असून त्या दिवशी बाजूला, गुन्हेगाराच्या जागी बसला. ठरलं असं, की ह्या तांड्यात इथून पुढं ढावलो नाही. कुणाच्या कानावर काय जाईल सांगता येत नाही, पोरीबाळींची लग्नं मोडायची. याडीला पुढं बोलावून सांगितलं, तू शिकवायचं न्हाई. ती व्हय म्हणाली. त्यानंतर तिनं जात्यावर बसूनही तोंड उघडलं नाही. भाकरी थापताना बांगड्या वाजायच्या तेवढाच आवाज.

मॅडमचा लेख पुढं छापून आला. बी.एड.ला असताना एका सरांनी कौतुकानं दाखवला, हा तुमच्या भागावर आहे बघ म्हणून. रुक्मीचे शब्द तिथं इंग्रजीत होते, नवरीचं निवेदन म्हणून, आणि खाली एक ओळ माझ्यावर, की वधूच्या शिकलेल्या बहिणीलाही यात काही गैर वाटत नाही. मी ते पान फाडलं नाही, रडले नाही. सरांना म्हटलं, छान आहे. खरं सांगायचं तर मॅडम पूर्ण चुकल्या असत्या तर मला एवढं लागलं नसतं. आमच्या तांड्यात न विचारता दिलेल्या मुली होत्याच. याडीला तरी कुठं विचारलं होतं. त्या मुलींना बापाला तोंडावर बोलायची, सगळ्यांदेखत, बापाला मान खाली घालायला लावून बोलायची एक जागा होती, आणि त्यांना वाचवायला आलेल्या बाईनं नेमकी तीच बुजवली. तिच्या अहवालानं कुणाच्या दवाखान्याची वाट जवळ झाली असेल तर मला ठाऊक नाही. मला त्यातून दवाखाना दिसला नाही, नर्स दिसली नाही. पंचायत आहे तशीच पुरुषांची राहिली, फक्त बायकांचं रडणं बंद करून दाखवलं तिनं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

माझं लग्न निर्ण्याजवळच्या तांड्यातल्या एका शिक्षकाशी ठरलं. दोघंही पगारदार, सगळं रीतसर, मांडवात लाउडस्पीकर. तोवर तांड्यात ढावल्याशिवाय लग्नं व्हायची सवय पडली होती. लहान पोरींना शब्दही ठाऊक नव्हते. मी मनाशी ठरवलं होतं की शांतपणे गाडीत बसायचं. गाडी दाराशी लागली, सामान चढलं, मी बाच्या पाया पडायला वाकले. त्यानं मला उठवलं. तो फार थकला होता, अंगाला ज्वारीच्या कडब्याचा वास येत होता. मी कधी त्याच्या गळ्यात पडले ते मलाच कळलं नाही, आणि शाळेनं बिघडलेल्या माझ्या गळ्यातून, कुणी न शिकवता, ती चाल वर आली. बा, चार बैलांवर. एवढंच. बानं मान खाली घातली, ऐकायला तयार झाला. मागून याडी धावत आली आणि तिनं तिचा हात माझ्या तोंडावर दाबून धरला.

"गप," ती म्हणाली. "ऐकायलेत."

मी मान वळवून बघितलं. गाडीभोवती आमच्याच बाया उभ्या होत्या, बाहेरचं कुणीच नव्हतं.